स्टेरॉइडचं रसायन १९६० मध्येच संपलं का?

प्रश्न एम.एस्सी. ऑरगॅनिकच्या एका विद्यार्थिनीचा आहे. तिचे सर म्हणतात, स्टेरॉइडांचं संश्लेषण १९६० च्या सुमारास संपलं, आता चाललंय ते शिळ्या कढीला ऊत आणणं. मग मोठ्या नियतकालिकांत अजून निबंध का येतात, खरी प्रगती काय झाली, आणि पीएच.डी.ला हा विषय घ्यावा का, असं तिने विचारलंय.

सर अर्धे बरोबर आहेत. स्टेरॉइडच्या रेणूचा गाभा असलेला चार वलयांचा सांगाडा कसा उभा करायचा, हे कोडं त्या काळात बऱ्यापैकी सुटलं होतं. दुसरं कोडं मात्र आजही पुरतं सुटलेलं नाही. सांगाड्यावरच्या ज्या कार्बनला शेजारी ना ऑक्सिजन ना दुहेरी बंध, म्हणजे धरायला काहीच नाही, तिथे हात कसा घालायचा? आणि ही सगळी कसरत कुठल्या कच्च्या मालापासून सुरू करायची? मी कामाने प्रोसेस केमिस्ट, म्हणजे प्रयोगशाळेतली अभिक्रिया कारखान्यात नेणारा, त्यामुळे माझं उत्तर कारखान्याच्या बाजूला झुकणार. अख्ख्या विषयाचा आढावा घेत नाही. एकच कार्बन घेतो, अकरावा. त्याच्यामागे गेलात की निम्मा इतिहास आपोआप समोर येतो.

वलयांना ए, बी, सी, डी म्हणतात. पहिली तीन सहा कार्बनांची, शेवटचं पाचाचं, मिळून सतरा कार्बन. दहाव्या आणि तेराव्या कार्बनवर एकेक मिथिल गट असतो आणि दोन्ही वरच्या बाजूला, म्हणजे बीटा बाजूला, खुंटीसारखे उभे असतात. म्हणून बहुतेक अभिकर्मक खालून, अल्फा बाजूने येतात. एवढं लक्षात ठेवलंत तर स्टेरॉइडच्या निम्म्या अभिक्रियांचा निकाल न घोकता सांगता येतो. तिसऱ्या कार्बनवर निसर्गच ऑक्सिजन ठेवतो आणि सतराव्यावर साखळी असते, त्यामुळे दोन्ही टोकांना काम करणं सोपं. अकरावा बसलाय सी वलयात, दोन्ही टोकांपासून लांब. आणि नेमका तिथेच कॉर्टिसोनला, म्हणजे सूज उतरवणाऱ्या संप्रेरकाला, ऑक्सिजन हवा असतो.

१९४८ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिलं, आणि १९५० चं वैद्यकाचं नोबेल हेंच, केंडल आणि राइखश्टाइन यांना मिळालं. हे सगळे सांगतात. औषध आलं कुठून ते फारसं कोणी सांगत नाही. मर्क कंपनीत लुईस सॅरेट यांनी बैलाच्या पित्तातल्या डीऑक्सिकोलिक आम्लापासून ते सुमारे ३६ टप्प्यांत तयार केलं होतं. त्या आम्लात बाराव्या कार्बनवर ऑक्सिजन असतो. तो शेजारच्या घरात, अकराव्यावर सरकवायचा, एवढ्यासाठी कितीतरी टप्पे खर्ची पडले. प्रत्येक टप्प्याला ८५ टक्के यील्ड, म्हणजे हाती लागणारा माल, धरून ३६ टप्प्यांचा गुणाकार कॅल्क्युलेटरवर करून पाहा, म्हणजे तेव्हा ग्रॅमाचा भाव का कडाडला होता ते कळेल.

मेक्सिकोत तोवर वेगळंच सुरू झालं होतं. रसेल मार्कर या हट्टी माणसाने व्हेराक्रूझच्या रानातल्या कंदातून डायॉसजेनिन काढलं, त्यात स्टेरॉइडचा सांगाडा आयताच असतो. आपल्या कोनफळ-करांद्याच्याच कुळातला हा कंद. डायॉसजेनिनच्या बाजूच्या दोन वलयांपैकी एक अॅसेटिक अॅनहायड्राइडबरोबर दोनशे अंशांच्या आसपास तापवून उघडायचं, क्रोमिक आम्लाने तोडायचं, अॅसेटिक आम्लात उकळून नको असलेला तुकडा गाळायचा. हाती येतं ते १६-डिहायड्रोप्रेग्नेनोलोन अॅसिटेट, कारखान्याच्या भाषेत सोळा-डीपीए. त्यापासून प्रोजेस्टेरोन थोड्याच पावलांवर. १९४४ मध्ये सिंटेक्स कंपनी निघाली, वर्षभरात मार्कर भांडून बाहेर पडले, आणि पुढे १९५१ मध्ये तिथेच जेरासी, मिरामोंतेस आणि रोझेनक्रान्झ यांच्या गटाने नॉरएथिस्टेरोन केलं, गर्भनिरोधक गोळीतलं.

पण कंदातून आलेल्या मालाचा अकरावा कार्बन बोडकाच होता. तो प्रश्न सोडवला बुरशीने. १९५२ मध्ये अपजॉन कंपनीतल्या पीटरसन आणि मरे यांनी दाखवलं, की ऱ्हायझोपस जातीची बुरशी प्रोजेस्टेरोनच्या अकराव्या कार्बनवर थेट हायड्रॉक्सिल बसवते. पावावर येणाऱ्या काळ्या बुरशीचंच हे कूळ. ऱ्हायझोपस नायग्रिकन्सने तर यील्ड ८५ टक्क्यांच्या पुढे दिलं. सॅरेटनी जिथे टप्प्यांमागून टप्पे घालवले, तिथे एका फर्मेंटरमध्ये एका पावलात काम झालं. बुरशी गट बसवते अल्फा बाजूला आणि शरीराला लागतो बीटा. पण बिघडत नाही. ऑक्सिडेशन करून कीटोन केला की बाजूचा प्रश्नच मिटतो, तेच कॉर्टिसोनमधलं रूप. हायड्रोकॉर्टिसोन हवं असेल तर तिसरा आणि विसावा कीटोन झाकून अकराव्याचं रिडक्शन करायचं. वर मिथिलच्या खुंट्या उभ्या असल्यामुळे हायड्राइड खालून येतो आणि हायड्रॉक्सिल आपोआप वर ढकललं जातं.

रसायनशास्त्रज्ञाने सूक्ष्मजीवाला अभिकर्मक मानायला सुरुवात केली ती इथून, आणि माझ्या मते या विषयातली सगळ्यात मोठी प्रगती हीच. कॉलेजात मात्र ही गोष्ट तळटीपेत जाते, कारण सिलॅबसमध्ये बुरशी बायोकेमिस्ट्रीच्या खात्यात मोडते.

आता अकराव्याच्या शेजारी, नवव्यावर या. १९५३-५४ मध्ये स्क्विबमध्ये जोसेफ फ्रीड आणि एमिली सॅबो अकराव्यावरचं अल्फा हायड्रॉक्सिल बीटा करायच्या खटपटीत होते. पाणी काढून नऊ-अकरा दुहेरी बंध, त्यावर हायपोब्रोमस आम्ल, मग बेस घालून इपॉक्साइड (दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन यांचं छोटं वलय) असा रस्ता. वाटेत तयार झालेली नववी-हॅलोजन संयुगं सहज तपासायला दिली, तर त्यातली काही कॉर्टिसोनइतकी किंवा जास्तच प्रभावी निघाली. हॅलोजन जितका लहान तितका जोर जास्त. फ्लोरिन घातल्यावर हायड्रोकॉर्टिसोनच्या दसपट परिणाम. १९५८ मध्ये त्यात पहिल्या-दुसऱ्या कार्बनमधला जादा दुहेरी बंध आणि सोळाव्यावरचा मिथिल जोडून डेक्सामेथासोन आलं. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटवणारं म्हणून गाजलं तेच. आपल्याकडे मग ते प्रिस्क्रिप्शनशिवायही फुटाण्यासारखं खाल्लं गेलं, त्याचे परिणामही पाहिले, पण तो वेगळा विषय.

तो फ्लोरिन आजही प्लांटमध्ये त्याच रस्त्याने घालतात. कागदावर एका बाणाची असलेली ही स्टेप प्रत्यक्षात काय असते ते सांगतो. इपॉक्साइडचं वलय नवव्या आणि अकराव्या कार्बनवर वरच्या बाजूला असतं. हायड्रोजन फ्लोराइड ते खालून उघडतं: फ्लोराइड नवव्यावर अल्फा, हायड्रॉक्सिल अकराव्यावर बीटा, दोन्ही अक्षीय आणि एकमेकांविरुद्ध. म्हणजे एकाच स्टेपमध्ये फ्लोरिनही आला आणि फ्रीड-सॅबोंना हवं असलेलं बीटा हायड्रॉक्सिलही. भांडं मात्र काचेचं चालत नाही. आपल्या बहुतेक फार्मा प्लांटमधले रिअॅक्टर ग्लास-लाइन्ड असतात आणि हा पदार्थ काच खातो. त्यामुळे खास मिश्रधातूचं भांडं, टेफ्लॉनचे गॅस्केट, तापमान शून्याच्या बरंच खाली, आणि माल ओतायचा तो थंडगार अल्कलीच्या पाण्यात, फेस आवरत आवरत. शेजारच्या टेबलावर कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल उघड्या झाकणाने तयार. कातडीवर थेंब उडाला तर सुरुवातीला दुखतही नाही आणि आत हाडापर्यंत जातो, म्हणून. प्रयोगशाळेत पॉलिथिनच्या बाटलीत ही रिअॅक्शन सुंदर होते, आणि तीच पाचशे लिटरवर नेताना भल्याभल्यांना घाम फुटतो.

इथपर्यंतचं सगळं १९६० च्या आधीचं, म्हणजे सरांच्या बाजूचं. पुढची गोष्ट कच्च्या मालाची.

१९७० च्या दशकात मेक्सिकोतल्या कंदाचा भाव आणि पुरवठा दोन्ही बेभरवशाचे झाले. १९७५ मध्ये तिथल्या सरकारने प्रोकिवेमेक्स ही कंपनी काढून व्यापार हातात घेतला. आपल्याकडे हिमालयातला डायॉस्कोरिया डेल्टॉइडिया इतका खणला गेला की आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या यादीत त्याचं नाव गेलं. डायॉसजेनिनऐवजी चालणाऱ्या सोलासोडिनसाठी वांग्याच्या कुळातल्या काटेरी सोलॅनम वियारमची लागवड महाराष्ट्रातही झाली. फळं तोडणाऱ्यांचे हात फाटायचे, म्हणून बिनकाट्याचे वाण काढायचे प्रयत्न झाले. जोरहाटच्या सरकारी प्रयोगशाळेने डायॉसजेनिनपासून सोळा-डीपीए करण्याची आपली पद्धत बसवली. काम चांगलं होतं. पण तोवर जगाने गाडी बदलली होती.

नवी गाडी म्हणजे सोयाबीन तेलाच्या रिफायनरीतला टाकाऊ माल. तेलाचा वास काढताना जो चिकट गाळ उरतो त्यात बीटा-सिटोस्टेरॉल, कॅम्पेस्टेरॉल, स्टिग्मास्टेरॉल असे वनस्पतिजन्य स्टेरॉल असतात. स्टिग्मास्टेरॉलच्या साखळीत एक दुहेरी बंध असतो, त्यामुळे ती ओझोनने तोडता येते. पर्सी ज्युलियन यांनी सोयाबीनमधल्या स्टिग्मास्टेरॉलचा धंदा १९४० मध्येच उभा केला होता. सिटोस्टेरॉलच्या साखळीत मात्र धरायला काही नाही, म्हणून तो वर्षानुवर्षं फुकट जायचा. तो कामाला लावला मायकोबॅक्टेरियमने, क्षयरोगाच्या जंतूच्या निरुपद्रवी भाऊबंदांनी.

हे जंतू स्टेरॉल अन्न म्हणून खातात. साखळी ते स्निग्ध आम्लासारखी दोन-दोन, तीन-तीन कार्बनांनी कुरतडतात. सांगाडा फोडायला त्यांच्याकडे दोन विकरं (एन्झाइम) आहेत: एक नवव्या कार्बनवर हायड्रॉक्सिल बसवतं, दुसरं पहिल्या-दुसऱ्यात दुहेरी बंध आणतं. दोन्ही घाव पडले की बी वलय आपसूक फुटतं, ए वलय अॅरोमॅटिक होतं आणि आपला माल जंतूच्या पोटात जातो. यातलं एकच विकर बंद पाडलं तर? नवव्यावरचं बंद केलं तर सांगाडा शाबूत राहून अँड्रोस्टीनडायोन किंवा त्याचा डायईन भाऊ साचतो, म्हणजे एडी आणि एडीडी. दुसरं बंद केलं तर साचतं नववं-हायड्रॉक्सी एडी.

आता तुकडे जुळवा. नवव्यावर हायड्रॉक्सिल आयतं मिळालं. आम्लाने पाणी काढलं की नऊ-अकरा दुहेरी बंध तयार, आणि तिथून फ्रीड-सॅबोंचाच रस्ता. ऱ्हायझोपसची गरजच संपली. वर्षानुवर्षं ज्या अकराव्यासाठी सगळे झगडले, तो तेलाच्या गाळातून, एक जनुक बंद केलेल्या जंतूकडून, जवळजवळ फुकटात आला. हे १९६० मध्ये कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

किंमत मोजावी लागते ती दुसरीकडे. मार्करच्या रस्त्यात सतराव्यावरची दोन कार्बनांची साखळी शाबूत राहायची. जंतू ती पूर्ण खाऊन टाकतो आणि ती पुन्हा बांधावी लागते, अॅसिटोन सायनोहायड्रिनने किंवा अॅसिटिलीन जोडून. शिवाय ते पाणी काढणं दिसतं तितकं सरळ नाही. दुहेरी बंध नऊ-अकरात जायच्याऐवजी आठ-नऊमध्येही जातो. टीएलसी प्लेटवर, म्हणजे मिश्रणातले घटक ठिपक्यांनी वेगळे करणाऱ्या पट्टीवर, दोन्हींचे ठिपके एकावर एक बसतात. गंधकाम्ल फवारून तापवलंत तरी फरक कळेलच असं नाही. यूव्हीसुद्धा मदत करत नाही, कारण दोघांतही शोषण ए वलयातल्या ईनोनचंच (कीटोन आणि शेजारचा दुहेरी बंध), २४० नॅनोमीटरच्या आसपास. प्रोटॉन एनएमआरमध्ये मात्र लगेच उघडं पडतं. ईनोनच्या चौथ्या कार्बनचा हायड्रोजन ५.७ च्या सुमारास दोघांतही दिसतो. खऱ्या मालात ५.५ जवळ अकराव्याचा आणखी एक दिसतो, आणि आठ-नऊ अशुद्धीत त्या बंधावर हायड्रोजनच नसल्यामुळे ती जागा सपाट. अकराव्याच्या शिखराच्या क्षेत्रफळाचं चौथ्याच्या शिखराशी गुणोत्तर एकाहून जितकं खाली, तितकी अशुद्धी. नवीन मुलगा रुजू झाला की मी त्याला आधी हे मोजायला लावतो.

याच दुहेरी बंधाला अलीकडे एक गमतीदार मान मिळाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेत ड्युशेन स्नायुविकारासाठी व्हॅमोरोलोन मंजूर झालं. त्याची रचना पाहा: पहिल्या-दुसऱ्यात दुहेरी बंध, सोळाव्यावर अल्फा मिथिल, सतरा-एकवीसला हायड्रॉक्सिल, आणि नऊ-अकरा दुहेरी बंध. डेक्सामेथासोनच्या वाटेवरचं हे स्टेशन आहे. तिथे न थांबता लोक साठ-पासष्ट वर्षं पुढे जात राहिले. अकराव्यावर ऑक्सिजन नसल्यामुळे शरीरातली काही विकरं त्याला धरत नाहीत, आणि मीठ-पाण्याचं संतुलन सांभाळणाऱ्या ग्राहीवर ते उलट रोधकासारखं वागतं. तेव्हा मधल्या संयुगांच्या बाटल्या फेकू नका, चाचणीला द्या. फ्रीड आणि सॅबोंनी तेच केलं होतं.

पूर्ण संश्लेषण, म्हणजे साध्या रेणूंपासून सगळं उभारणं, मी थोडक्यात उरकतो, कारण पुस्तकं त्यानेच भरलेली आहेत. १९३९ मध्ये बाखमन यांचं इक्विलेनिन, १९५१ मध्ये वुडवर्ड आणि रॉबिन्सन यांचे गट, १९७१ मध्ये जॉन्सन यांनी शरीराची नक्कल करत लांब साखळीची वलयं एका झटक्यात मिटवून केलेलं प्रोजेस्टेरोन. सौंदर्य म्हणून अप्रतिम. पण कॉर्टिसोनच्या बाजारात त्यातलं काही टिकलं नाही, आयता सांगाडा स्वस्त मिळत असताना टिकणारही नव्हतं. अपवाद लेव्होनॉरजेस्ट्रेल या गर्भनिरोधकाचा. त्यात तेराव्यावर मिथिलऐवजी इथिल असतं आणि असा सांगाडा कुठल्या कंदात किंवा तेलात मिळत नाही. म्हणून तिथे टोर्गोव्ह या रसायनशास्त्रज्ञाचा पूर्ण संश्लेषणाचा रस्ता कारखान्यात चालला. त्याच घराण्यातून १९७१ च्या सुमारास हायोश-पॅरिश आणि एडर-झाउअर-वीशर्ट या दोन गटांनी प्रोलीन हे साधं अमिनो आम्ल उत्प्रेरक म्हणून वापरून सी-डी वलयांचा एकाच हाताचा रेणू मिळवला. लोक तीसेक वर्षं ते विसरून गेले, आणि २०२१ चं नोबेल ज्या ऑरगॅनोकॅटॅलिसिसला, म्हणजे लहान सेंद्रिय रेणूंनी केलेल्या उत्प्रेरणाला, मिळालं त्याचं एक मूळ इथे आहे. सरांना हे जरूर सांगा.

मोठ्या नियतकालिकांतले आजचे निबंध बहुतेक बोडक्या कार्बनांचेच असतात, आणि तिथे अकरावा उलट्या भूमिकेत येतो. १९६० मध्ये बार्टन यांनी अकराव्याच्या बीटा हायड्रॉक्सिलवर नायट्राइट बसवून उजेड पाडला. ऑक्सिजनचं रॅडिकल वरच्या अठराव्या मिथिलपर्यंत पोचतं आणि तिथला हायड्रोजन काढून घेतं. त्यातून शरीरातलं मीठ-पाणी सांभाळणारं अल्डोस्टेरोन मिळालं. ज्याच्यापर्यंत पोचता येत नव्हतं तो अकरावाच आता दुसऱ्यांपर्यंत पोचायचा हात झाला. २०१३ मध्ये फिल बॅरन यांच्या गटाने आफ्रिकेतल्या बाणांच्या विषाचा गाभा, ऊआबाजेनिन, अॅड्रेनोस्टेरोनपासून केला. तिथेही अकराव्याच्या कीटोनवर उजेड पाडून एकोणिसावा मिथिल गाठला. शोनेकर यांची तांब्याची अभिक्रिया सतराव्याच्या कीटोनवर एक नायट्रोजनवाला गट लावून बाराव्यावर ऑक्सिजन टाकते. मूळचं यील्ड बेताचं होतं, बॅरनच्या गटाने २०१५ मध्ये ते वर आणलं. २०११ मध्ये मानफ्रेड रीट्झ यांच्या गटाने पी४५० या ऑक्सिजन बसवणाऱ्या कुळातल्या एका विकरात मोजके अमिनो आम्ल बदलून टेस्टोस्टेरोनवर हवं तर दुसऱ्या, हवं तर पंधराव्या कार्बनवर हायड्रॉक्सिल बसवून दाखवलं. त्याआधी, २००३ मध्येच, फ्रेंच संशोधकांनी यीस्टमध्ये सस्तन प्राण्यांची जनुकं घालून साध्या कार्बनस्रोतापासून थेट हायड्रोकॉर्टिसोन बनवलं होतं.

पीएच.डी.चं म्हणाल, तर घ्या. पण नवीन साधित संयुगांची रांग लावायची आणि शेवटी जंतूंवर चाचणी करायची, असा विषय गाइडने दिला तर जपून. त्यातही चांगलं काम होतं, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) पित्ताम्लांना क्लिक अभिक्रियेने, म्हणजे दोन तुकडे चटकन जोडणाऱ्या अभिक्रियेने, फ्लुकोनाझोलसारखे तुकडे जोडून बुरशीरोधक रेणू केले गेले आहेत. पण असं प्रत्येकाचं निघत नाही. मी तुमच्या जागी असतो तर दोनपैकी एक धरलं असतं. एक, नववं-हायड्रॉक्सी एडीपासून सतराव्यावरची साखळी सायनाइडशिवाय बांधणं. कारखाने त्याची आतुरतेने वाट पाहताहेत. दोन, पित्ताम्लांवरचं विकरांचं काम. अर्सोडीऑक्सिकोलिक आम्लात सातव्यावरचं हायड्रॉक्सिल फक्त अल्फाचं बीटा करायचं असतं, आणि जिथे पूर्वी सोडियम धातू वापरायचे तिथे आता दोन डिहायड्रोजिनेज विकरं एकापाठोपाठ वापरतात. त्या जोडीत सहविकर (विकराला लागणारा मदतनीस रेणू) फिरवत ठेवायचा खर्च कमी करणं हे रसायन, जीवशास्त्र आणि हिशोब तिन्ही मागतं. कुठलाही विषय घेतलात तरी एखाद्या मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये सहा महिने बसून फर्मेंटेशन शिकून घ्या. मुलाखतीत मी तेच विचारतो.

शेवटी, हे पदार्थ मिलिग्रॅममध्ये काम करतात. इस्ट्रोजेन बनवणाऱ्या कारखान्यांत पुरुष कामगारांची छाती वाढल्याच्या नोंदी आहेत, कॉर्टिकोस्टेरॉइडच्या धुळीने चेहरे सुजतात. फ्यूम हूडमध्ये तोललं म्हणजे झालं, असं नाही. कोरडी पूड वजन करताना मास्क आणि दुहेरी हातमोजे लागतात, आणि लॅबचा कोट घरच्या कपड्यांबरोबर धुवायचा नाही. प्रेग्नंट सहकारी असेल तर तिला या टेबलापासून लांबच ठेवा, मग गाइड काही म्हणोत.